मातीत जाणारी पिशवी

पिंपळवंडीला नानांच्या नर्सरीत मी कामाला होतो. तिथं पिशव्या विकणारे इतके यायचे, की त्यांचे किस्से आमच्या उकिरड्याहून उंच साठलेत! दोन हजार सालानंतर तर ज्याची त्याची पिशवी ‘मातीत मिसळणारी’. म्हणजे न फाडता रोप तसंच खड्ड्यात ठेवायचं, पिशवीची आपोआप माती होणार. नानांना ही कल्पना फार आवडली. पिशवी फाडताना गिऱ्हाईक मुळं तोडायचं आणि रोप मेलं की भांडायला नानांकडेच यायचं.

*

पहिल्या सेल्समनच्या पिशवीवर झकास हिरवं पान छापलेलं. नानांनी ती शेणखताच्या खड्ड्यात पुरली. पावसाळा सरल्यावर खत उपसलं, तर पिशवी जशीच्या तशी! आमचे टेम्पोवाले सलीमभाई ती धुऊन, तिच्यात कांदे भरून घरी घेऊन गेले.

जाताना म्हणाले, "नाना, लई मजबूत माल हाय!"

*

दुसरा आला तो पिशवी आधीच उन्हात तापवून. हातात चुरगाळली, भुगा झाला.

"बघा, संपली!"

नानांनी तो भुगा पाण्याच्या बादलीत टाकला. सगळा वर तरंगला.

"संपली कुठं राव? एकीच्या हजार झाल्या!"

बिचारा चहासुद्धा न घेता उठला.

*

तिसऱ्यानं गठ्ठाभर पिशव्या नमुन्याला दिल्या. एक खड्ड्यात पुरली, बाकीच्यांत आंब्याची कलमं भरली. तेवढ्यात पारगावचे व्याही आले. नानांची लेक त्यांच्या घरात दिलेली. त्यांना नेमकी तीच कलमं पसंत पडली आणि नाना ऐटीत बोलून बसले, "पिशवी फाडू नका पावणं, तशीच लावा. माती व्हणार तिची!"

व्याही कलमं घेऊन गेले आणि नानांचा चेहरा उतरला. "ही बी फसवी निघाली तर मुळं आतच गुदमरत्याल रं. माझ्या पोरीला जन्मभर ऐकून घ्यावं लागंल."

खड्ड्यातली पिशवी बघायला धावलो, तर खड्डा रिकामा! सलीमभाईंनी सगळं खत कळंबला पोचतं केलेलं.

*

दिवाळीला लेकीला आणायला नाना पारगावला निघाले, मलाही बरोबर घेतलं. व्याही घरात आहेत असं बघून आम्ही गुपचूप कलमं लावलेल्या बांधावर गेलो. नानांनी खुरप्यानं एका कलमाच्या बुडाशी अलगद उकरलं. पिशवी नाही! पांढरी मुळं मातीत मोकळी पसरलेली. नाना मोठमोठ्यानं हसायला लागले. माझाही जीव भांड्यात पडला.

"काय पावणं, काय हुडकताय?"

मागं व्याही उभे! नानांनी खुरपं पाठीमागं लपवलं. व्याह्यांनी वाकून मातीतून काहीतरी उचललं आणि धोतराला पुसलं. पिशवीवर चिकटवलेला कंपनीचा स्टिकर होता. हिरवं पान, खाली ‘शंभर टक्के माती होणार’. एकही अक्षर पुसलं गेलं नव्हतं.

व्याही म्हणाले, "पिशवी गेली पावणं, पण ग्यारंटी अजून शाबूत हाय!"