वरून दिसणारं पाणी

धनगरांचे कळप कुठून कुठे जातात, ते मी उपग्रहाच्या चित्रांवर शोधते. एवढ्या उंचीवरून मेंढी दिसत नाही. खतासाठी कळप बसवलेल्या शेतात लेंड्यांचा काळसर डाग तेवढा दिसतो. यंदा एका कळपाचे डाग आटलेल्या तलावापाशी येऊन थांबलेत.

आज त्याच कळपाच्या हिराबाईंचा फोन आला. "ताई, तुमाला वरनं समदं दिसतं म्हनं. पानी कुटं हाय तेवढं सांगा, आमी चालतो."

मी चित्र सरकवत राहिले. तलाव, ओढे, सगळं मातीच्याच रंगाचं. कोण कुठून गेलं ते सांगणारं माझं हे शास्त्र; कुठे जावं, ते त्यात नाहीच.

फोनमध्ये मेंढ्या ओरडत होत्या.

"बघते," मी म्हटलं.

"बघा सावकाश. मेंढरं उठवून ठिवल्यात."