गोमलीयाडीची पेंढी

संक्रांत होऊन चार दिवस झाले असतील. सकाळी गवताची एक पेंढी दाराशी टेकवून धानी उभी राहिली. धानी म्हणजे गोमलीयाडीची सून. दरवर्षी दसऱ्यानंतर माझ्या गाईसाठी अशी एक पेंढी येई आणि ती घेऊन म्हातारी स्वतः येई. म्हणून मी सवयीने विचारलं, याडी मागे राहिली का? धानी म्हणाली, "याडी गेली, मुनशीजी. दिवाळीच्या आदीच बांधून ठिवली व्हती ही. म्हने, माह्या हातानंच न्हेईन. पन उठनंच झालं न्हाई." मी पेंढी आत घेतली आणि न सोडता तशीच ठेवून दिली. महिनाभराने आज लिहायला बसलो आहे.

याडी म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत आई. सेनगावहून नरसीकडे जाणाऱ्या वाटेवरच्या तांड्यात ती राहायची. तिच्या सासऱ्याच्या काळी तांड्याचे बैल मिठाच्या गोण्या वाहत. रेल्वे आली, बैल रिकामे झाले, माणसं शेतीला लागली. गुरांमागे फिरून कळलेलं गवत तेवढं तिच्याकडे शिल्लक राहिलं. मी तेव्हा शेजारच्या रमन्यावर मुनशी होतो. रमना म्हणजे सरकारी पागेच्या घोड्यांसाठी राखलेलं कुरण. कापणी तांड्याच्या बायका करत, गोमलीयाडी त्यांची मुकादम. कापणी झाली की तांड्याच्या गाईंना रमन्यात चरायची मुभा असे आणि त्या चराईवरच त्यांचा उन्हाळा निघत असे. पेंढी बांधण्याआधी ती बोटांनी गवत उलगडून बघायची. सात जाती दिसल्या तरच आळा आवळायचा. एकाच जातीची पेंढी दिसली तर सोडून पुन्हा पसरायला लावायची. मला ही अडाणी समजूत वाटे. मी चार पुस्तकं वाचलेला माणूस, पण गवताचं मला एकच नाव ठाऊक होतं : गवत.

दहा-बारा वर्षांपूर्वी रमन्यावर नवे मोहतमीम, म्हणजे आमचे मुख्य साहेब, आले. त्यांना बेशिस्त खपत नसे; घोड्यांच्या शेपट्यासुद्धा ते एका मापाने कातरून घेत. वरचे हाकीम पाहणीला येणार म्हणून हुकूम निघाला की रमन्यात फक्त मारवेल राहील, बाकी सगळं मुळासकट खणून काढावं. मारवेल घोड्यांना आवडतं, हे खरंच. हुकूम मी वळणदार अक्षरात उतरवला आणि तो मला पटलाही होता. गोमलीयाडीने बायकांना खुरपी दिली, पण संध्याकाळी माझ्याकडे आली. समदं काढते, म्हणाली, टेकडाच्या मागचं तेवढं ऱ्हाऊ द्या. मी कारण विचारलं. "मारवेल पान्याची लाडकी लेक हाय, मुनशीजी. पानी रुसलं की ही बी रुसते. शेडा खोल मुळावर तगतो, कुसळी खडकावर ऱ्हाते, हरळी दोन सरीत उठते. समदे एकाच दिशी मरत न्हाईत." मी टेकाडामागच्या तुकड्यापुढे 'खडकाळ, निरुपयोगी' असा शेरा लिहिला. तिचं म्हणणं पटलं म्हणून नव्हे. उन्हात टेकाड चढून मोजणी करायचा कंटाळा आला म्हणून. माझ्या नोकरीतलं सर्वांत शहाणपणाचं काम हे असं आळसातून झालं.

पहिल्या वर्षी रमना खरोखर देखणा दिसला. तंबू लागला, हार आले, हाकिमांनी खुर्चीवरूनच गालिचा म्हणून वाखाणला. पुढच्या वर्षी पोळ्यानंतर पाऊस जो गेला तो परतलाच नाही. मारवेल आठवड्याभरात सगळीकडे एकदम वाळलं. जे थोडं उरलं त्यावर नाकतोडे बसले; त्यांनाही पंगतीत एकच आवडतं पक्वान्न वाढून ठेवलेलं. घोडे दुसरीकडे हलवले गेले. साहेबांची बदली झाली, ती बढतीवर. तांड्याच्या गाईंना मात्र बदली नव्हती. हिंगोलीच्या बाजारात मिळेल त्या भावाला त्या विकून टाकाव्यात, असं तांड्यात ठरत आलं होतं.

गोमलीयाडीने त्या गाई टेकाडामागे घातल्या. मीही मागोमाग गेलो. तिथेही कोवळं गवत करपलं होतं, नाकतोडे तिथेही होते. पण एक जात संपली की शेजारी त्यांना न आवडणारी दुसरी उभी होती. शेडा कमरेएवढा, त्याच्या बुडाशी हरळी, मधूनच रानमुगाचे वेल. सगळी गुरं वाचली असं म्हणणं खोटं होईल; तीन म्हाताऱ्या गाई गेल्या. बाकीच्यांनी मृग पाहिला.

दुपारी ती गाईंना सावलीतून उठवून उघड्याबोडक्या रमन्यात नेऊन बसवी. मला राहवेना. म्हटलं, आधीच हाडं दिसतात, त्यात ही उन्हाची तकलीफ काहून?

"पेरनी करून राहिले," ती म्हणाली. "शेनात बी हाय, केसात कुसळं हायेत. जिथं बसतील तिथं पडंल. तुमी फकस्त कागदावर लिवू नका."

मी लिहिलं नाही. दोन पावसाळ्यांत रमना पुन्हा सरमिसळ, पुन्हा बेशिस्त झाला. पुढे एकदा पाऊस असाच दगा देऊन गेला तेव्हा गवत उणं पडलं, पण माळ उघडा पडला नाही आणि तांड्यात गाई विकायचा विषय निघाला नाही. नव्या साहेबांनी मला चांगला शेरा दिला. मी तो तिला वाचून दाखवला तेव्हा ती इतकी हसली की पदर तोंडाला लावावा लागला. तिने मला काय काय दिलं त्याचे आभार मी कधी तोंडाने मानले नाहीत... तिला ते ऐकून पुन्हा हसूच आलं असतं.

तिची शेवटची पेंढी मी परवा सोडली. शेडा, कुसळी, हरळी असं बोटांनी वेगळं करत गेलो, सात भरल्या. सातवी रोशा गवताची, एकच काडी, अजून वास असलेली. घरामागे माझं एक अंगण आहे, वर्षानुवर्षं झाडून, खुरपून लख्ख ठेवलेलं. साहेबांची शिस्त माझ्यातही थोडी मुरली असावी. पेंढी गाईला घातली आणि दुपारी तिला त्या अंगणात नेऊन बांधली. बायकोने खिडकीतून विचारलं, गाय उन्हात का बांधली म्हणून.

"पेरणी करून राहिलो," मी म्हणालो.