कानसेनची शिट्टी

पत्र्याचे भाग ठोकून काढणाऱ्या त्या कारखान्यात फिटरला सगळे ‘कानसेन’ म्हणत, आणि हा त्याला स्वतःचा सत्कार समजे. स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा: “गेलंय!” तेवीस वर्षं त्याच्या शब्दावर मशीन उघडली जात.

कानात घालायचे स्पंजचे प्लग कंपनी फुकट द्यायची. “कान झाकायला मी काय बाळंतीण आहे?” म्हणत त्याने ते कापून जेवणाच्या डब्याच्या झाकणाला चिकटवले. झाकण खडखडायचं म्हणे!

या महिन्यात त्याला पत्रा ठोकणाऱ्या दोन नंबरच्या प्रेसमध्ये शिट्टी ऐकू येऊ लागली. तीनदा बेअरिंग काढलं, तिन्ही वेळा ठणठणीत निघालं.

सुपरवायझर वैतागला. “कानसेन, शेवटचं ऐका. या वेळी चुकलात तर यापुढे थरथर मोजणारं मीटर सांगेल, तुम्ही नाही.”

कानसेनने तोंड वाकडं केलं, स्क्रूड्रायव्हर टेकवला, डोळे मिटले. सुपरवायझरने हळूच स्विच बंद केला. मुठीतली थरथर थांबली, पण हाताचं कोण ऐकतो?

“बहिरे झालात काय सगळे? बघा कशी किंचाळतेय!”

“कोण? मशीन तर बंद आहे.”

अख्खी लाइन हसली.

बायकोने ओढतच कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. तपासणी झाल्यावर डॉक्टर म्हणाल्या, “बारीक, चढा आवाज पकडणाऱ्या कानातल्या पेशी मशीनच्या ठोक्यांच्या आवाजाने मेल्यात. तिकडून निरोप येत नाही, म्हणून मेंदूने आपलाच आवाज वाढवलाय. बाहेर काही नसताना मेंदूतल्या पेशी आपसात बडबडतात. तीच तुमची शिट्टी.”

“म्हणजे मेंदू बिघडला?”

“छे!” बायको म्हणाली. “ह्यांच्याच वळणावर गेलाय. ऐकू न येताच निकाल द्यायचा!”

डॉक्टर हसू दाबत म्हणाल्या, “मेलेल्या पेशी परत येत नाहीत. उरल्यात त्या जपा.”

मीटर आलं. आठवड्यात त्याने पाच नंबरचं बेअरिंग गेल्याचं दाखवलं. कानसेनला तिथे काहीच ऐकू आलं नव्हतं. उघडलं, तर आतल्या गोळ्या खरवडलेल्या. त्याने ते दोनदा कानाशी फिरवून पाहिलं आणि ठेवून दिलं.

दुसऱ्या दिवशी डब्याच्या झाकणावरचे स्पंजचे तुकडे खरवडून काढून कानात कोंबायला निघाला. सुपरवायझरने नवे प्लग हातावर ठेवले. ते घातल्यावर बाहेरचा गोंगाट दबला आणि आतली शिट्टी आणखीच मोठी झाली.

झाकण पुन्हा खडखडू लागलं. सगळ्या लाइनला ऐकू जायचं, एकट्या कानसेनला सोडून.