आत्यांना विचारलंत का?

डॉक्टरांनी ईसीजीची लांब पट्टी माझ्यापुढे धरली आणि म्हणाले, "कम्प्लीट हार्ट ब्लॉक आहे. ठोके मिनिटाला जेमतेम तीस-बत्तीस पडतायत. आत्ताच ॲडमिट करावं लागेल." खाटेवर पडलेल्या आत्यांनी ते ऐकलं आणि मला विचारलं, "मग जेवायचं कवा?"

आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. माझ्या सासूबाईंचं तेव्हा ब्याऐंशी वय होतं. तासगावच्या पुढं एका गावात स्वतःच्या घरात त्या एकट्या राहत. आम्ही सांगलीत.

हार्ट ब्लॉक म्हटलं की रक्ताची नळी तुंबली, असंच आपल्याला वाटतं. मीही लगेच विचारलं, "अँजिओप्लास्टी करावी लागेल का?" डॉक्टर म्हणाले, "नळ्यांचा हा आजार नाही. हृदयाच्या वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात विजेचा संदेश जातो, तो पोचत नाहीये." विहिरीवरची मोटार धडधाकट, पाणीही भरपूर, पण वायर तुटलेली, असं मी मनात समजून घेतलं. तुमच्या घरात कुणाला असं निदान झालं तर हा फरक आधी समजून घ्या. निम्मी घाबरगुंडी तिथंच कमी होते.

लक्षणं महिनाभर होती. चक्कर यायची, जिना चढताना डोळ्यांपुढं अंधारी यायची. आत्यांनी त्याला पित्त ठरवलं आणि आवळासुपारी चघळत बसल्या. म्हणजे बसल्या नाहीतच, हिंडत होत्या. त्या दिवशी औंधला यमाईच्या डोंगरावर गेल्या होत्या. अर्ध्या पायऱ्यांवर कोसळल्या. ओटीचं सामान विकणाऱ्या बाईनं पाणी पाजलं. दुसरं कुणी असतं तर घरी फोन केला असता. आत्या उठल्या, औंधहून विट्याची एसटी धरली, विट्याहून सांगलीची, आणि आमच्या दारात येऊन म्हणाल्या, "च्या टाक गं शोभा." मी गॅस पेटवेपर्यंत त्या उंबऱ्यात पडल्या होत्या.

हा स्वभाव जुना. सासरे फौजेत होते. लग्नानंतर दोन वर्षांत, गावाबाहेर फारशा न गेलेल्या आत्या तान्हं पोर काखेत मारून एकट्या रेल्वेनं जम्मूला पोचल्या. हिंदी येत होतं ते "पानी" आणि "कितना" एवढंच. छावणीत त्या सायकल शिकल्या. सासरे लवकर गेले, तेव्हा द्राक्षबागेतला ट्रॅक्टर विकायला निघालेल्या दिरांना म्हणाल्या, "किल्ली माज्याकडं द्या." त्या ट्रॅक्टरवर चढल्या तेव्हा गाव बघायला जमलं होतं म्हणे. पासष्टीनंतर एसटीचं तिकीट अर्धं झालं आणि आत्यांना रान मोकळं मिळालं. आधार कार्ड, पाण्याची बाटली, दोन भाकरी, की निघाल्या. आम्हाला फोन यायचा तो पोचल्यावर: "मालवणात हाय. लय ऊन हाय. उद्या येती."

अशा बाईला आयसीयूत झोपवलं. जांघेतल्या शिरेतून एक वायर हृदयापर्यंत नेली आणि बाहेर डबी जोडली. हा टेम्पररी पेसमेकर, म्हणजे कायमचं मशीन बसेपर्यंतची तात्पुरती सोय. पाय हलवायचा नाही, अशी सक्त ताकीद होती.

आमच्या ह्यांनी म्हसवडला मामांना, म्हणजे आत्यांच्या धाकट्या भावाला, फोन केला. हे म्हणाले, "हृदय मधूनमधून थांबतंय." तो निरोप मामांच्या घरात फिरता फिरता "थांबलं" एवढाच उरला. संध्याकाळी एक गाडी भरून माणसं दवाखान्यात उतरली. बायकांनी फाटकातच पदर तोंडाला लावले होते. मामांच्या हातात कापडी पिशवी होती. बाईमाणूस गेलं की शेवटचं लुगडं माहेरचं नेसवतात, ही आमच्याकडची रीत. पिशवीत काय आहे ते मला बघताक्षणी कळलं. आत्या जिवंत आहेत हे मी सांगितलं, तेव्हा मामा तिथंच भिंतीला टेकून रडायला लागले.

सिस्टरनी एकेकाला आत सोडलं. मामा गडबडीत पिशवीसकट आत गेले, मागोमाग मी. आत्यांची नजर पहिली पिशवीवर.

"फळं आणलीस व्हय रं?"

आत्यांनी हात लांबवून पिशवीत घातला आणि लुगडं बाहेर ओढलं. राखाडी रंगाचं होतं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"आक्का, फोनवर आमाला कळलं, हृदय थांबलंय म्हणून..."

"थांबलं व्हतं. ह्या डाक्तरांनी परत चालू केलंय." मग लुगडं चाचपून बघत त्या म्हणाल्या, "मेल्यावर नेसवशील तवा मला काय दिसणार हाय? आन ह्यो रंग कसला रं? बदलून आण. मोरपंखी आण, काठ मोठा बघ."

मामा आधी हसले आणि मग पुन्हा रडले. सिस्टर रागावल्या, कारण आत्याही हसत होत्या आणि मॉनिटर वाजायला लागला होता. असलं लुगडं दुकानदार परत घेत नाही. ते कशासाठी घेतलं होतं, हे मामांनी त्याला सांगितलंच नाही. तिसऱ्या दिवशी मोरपंखी लुगडं आलं.

कायमचा पेसमेकर बसवणं मी समजले होते तेवढं अवघड निघालं नाही. डाव्या खांद्याखाली तेवढीच जागा बधिर करून, काडेपेटीपेक्षा थोडं मोठं मशीन कातडीखाली ठेवतात. आत्या जाग्या होत्या आणि डॉक्टरांना बॅटरी किती वर्षं चालते ते विचारत होत्या.

खरी अडचण पुढंच होती. आमच्या ह्यांनी आणि नणंदेनं परस्पर ठरवून टाकलं होतं की, आता आईनं एकटं राहायचं नाही. आमची मागची खोली रिकामी केली, नवी खाट आणली, टीव्ही लावला. गावचं घर बंद करायचं, एवढंच आत्यांना सांगायचं राहिलं होतं. ते सांगायची छाती कुणाची नव्हती. म्हणून आमचे हे डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेले. मीही बरोबर होते.

"डॉक्टर, तुम्हीच सांगा तिला. प्रवास बंद, एकटं राहणं बंद. आमचं ऐकणार नाही ती. जरा घाबरवा."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "कशाला घाबरवू? दीड महिना डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, वजन उचलायचं नाही. त्यानंतर तब्येतीला झेपेल ते सगळं त्या करू शकतात. पेसमेकर माणसाला घरात कोंडायला लावत नाहीत हो."

"पण एकटीला काही झालं तर?"

"होऊ शकतं. तुमच्या घरीही होऊ शकतं. त्यांना विचारलंत का?"

खोलीला रंग कुठला द्यायचा यावर आमच्यात दोन दिवस चर्चा झाली होती, पण हे विचारायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

राउंडला आल्यावर डॉक्टरांनीच विचारलं, "आजी, कुठं राहायचंय आता?"

"माज्या घरात," आत्या म्हणाल्या. "हात बरा हुईस्तवर तुमच्याकडं राहती. मग जाती." मग ह्यांच्याकडे वळल्या. "तुज्या घरात मला काय कमी हाय असं न्हाई, बाबा. पर तितं मला काय बी ठरवाय मिळत न्हाई. च्या कवा, जेवाण कवा, निजायचं कवा, समदं तुमीच ठरवता. मला लय जीव गुदमरल्यागत हुतंय."

ह्यांची दोन दिवस धुसफुस चालली होती. मला मात्र, खरं सांगते, आत्यांचा हेवा वाटला. त्यांच्या वयाची झाल्यावर मला असं तोंडावर सांगता येईल का, कोण जाणे.

दीड महिन्यानं आत्या मोरपंखी लुगडं नेसून गावी गेल्या. शेजारच्या संगीताकडे जादा किल्ली दिली. रोज सकाळी मी फोन करायचा, दोनदा उचलला नाही तर संगीतानं जाऊन बघायचं, असं ठरलं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसासाठी एवढी सोय कुणालाही करता येते. मशीनच्या तपासणीला त्या एसटीनं यायच्या आणि कधीकधी आमच्या घरी न येताच परत जायच्या. विचारलं तर म्हणायच्या, "तासगावची गाडी लागली व्हती की." पुढची चार वर्षं अशीच गेली. त्यात माहूर झालं, आणि रोपवेनं का होईना, रायगडही झाला.

गेल्या थंडीत एका सकाळी फोन उचलला गेला नाही. संगीतानं दार उघडलं. आत्या झोपेतच गेल्या होत्या.

एक गोष्ट इथं लिहून ठेवते, कारण ती वेळेवर कुणाला आठवत नाही. दहन करायचं असेल तर पेसमेकर आधी काढावा लागतो, नाहीतर चितेत बॅटरी फुटते. तासगावहून डॉक्टर येईपर्यंत सगळे थांबले. "आता कशाला चिरताय देहाला," असं जाणती माणसं म्हणत होती. हे त्यांना शांतपणे समजावत राहिले. ज्या डॉक्टरांनी आत्यांना घाबरवायला नकार दिला, त्यांना मी त्याच दिवशी फोन केला आणि आभार मानले.

दहाव्याला बायका मला बाजूला घेऊन विचारत होत्या, सून असून, लेक असून म्हातारीला एकटी कशी ठेवली तुम्ही? शेवटी जवळ कुणी नव्हतं ना? पहिल्या दोघी-तिघींपुढं मी मान खाली घातली. डोळ्यांत पाणीही आलं, कारण जवळ कुणी नव्हतं हे खरंच होतं. पुढची बाई आली तेव्हा मी मान वर केली आणि म्हणाले, "आम्ही ठेवलं नव्हतं हो. त्या राहिल्या होत्या."