पत्रकातून गळलेली अट

कराडच्या कॉलेजात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला 'अनेक संमिश्र चलांची फलने' हा ऐच्छिक पेपर आम्ही तिघांनीच घेतला होता. तिघेच, म्हणून तो बंद करायचं घाटत होतं. शिकवणाऱ्या मॅडम तासिका तत्त्वावर होत्या. पेपर गेला की त्यांचे तासही जाणार. एक आख्खा विषय इतक्या निर्लज्जपणे मारता येतो, याचा मला आजही संताप येतो.

मी तेव्हा पाण्याच्या, एसटीच्या मोर्चांची पत्रकं लिहायचो. मॅडमनी महिनाभर शिकवलेलं मी एका ओळीत बसवलं : 'ज्या आकारात भोक नाही, त्यावरचं कितीही अवघड होलोमॉर्फिक फलन साध्या बहुपदींनी हवं तितकं जवळून गाठता येतं! हे ज्ञान कराडला नको?'

आम्हा तिघांतला कडेगावचा मित्र वाचून म्हणाला, "लय ग्वाड लिवलंयस गड्या. पर अट कुठं गेली?"

"अट घातली की लोक पत्रक टाकून देत्यात."

"मग मॅडम तुला टाकून देतील, बघ."

तरी मी तीनशे झेरॉक्स काढल्या. सकाळी मॅडमनी एक उभ्या उभ्या वाचली. मग डब्याच्या झाकणाचा रबरी वायसर काढून टेबलावर ठेवला.

"समज, या कड्याच्या आत एक मुंगी आहे. टेबलावर ती अडकली. पण वरून निघू शकते ना? दोन चलांत तशी जास्तीची वाट असते. तुझ्या भाषेत भोक उरलं नाही. तरी या कड्यावर एक-भागिले-झेड बहुपदींना गाठता येत नाही. बहुपदी कड्यावर लहान राहिली, तर आतल्या पोकळीतही तिला लहानच राहावं लागतं. म्हणून या पोकळीसारखा, बहुपदींना वेगळा काढता न येणारा सगळा भाग आकारात आधीच हवा. ही अट."

"आवं मॅडम, उद्या पेपर बंद करायची मीटिंग हाय. तुमचेच तास..."

"तुझी ओळ खरी असती तर माझ्या पेपरची गरजच पडली नसती. एका चलाचं पुस्तक पुरलं असतं."

मी पत्रकांचा गठ्ठा टेबलावर ठेवला.

मग आम्ही चौघं वर्गातच बसलो. आमच्यातली तिसरी, पाटणची मैत्रीण अक्षराला सुरेख, तिचा नमुना समोर ठेवून प्रत्येक पत्रकावर ती अट पेनाने लिहीत गेलो. खिडकीतून साखर कारखान्याच्या मळीचा वास येत होता. मित्र बोटं मोडत म्हणाला, "आता सपनातबी हीच अट येणार." मॅडम तोंडावरचा पदर सुटेपर्यंत हसल्या. इतक्या मोकळ्या हसताना मी त्यांना आधी पाहिलं नव्हतं.

दुपारी पत्रकं एसटी स्टँडवर वाटली. छापील घोषणा सोडून लोक पेनाची ओळ वाचायचे. "ही काय भानगड हाय?" एका आजोबांनी विचारलं आणि त्यांची पाटणची गाडी सुटेस्तोवर मी सांगत राहिलो.

पेपर बंद झाला. चालू वर्ष तेवढं पुरं करू दिलं. उरलेला एकही तास मॅडमनी चुकवला नाही.

आता त्या सांगलीत डिप्लोमाला शिकवतात. मागे भेटायला गेलो तेव्हा म्हणाल्या, "पोरं चांगली आहेत रे. पण इथे सगळं एकाच चलाचं." आणि त्यांनी मला आत बोलावून, कुणी विचारलेलं नसताना, त्याच अटीची सिद्धता कागदावर पहिल्यापासून सुरू केली.