रूपश्रीबाईंची जाळी

रूपश्रीबाईंनी आयुष्यात एकही भोक उघडं सोडलं नाही. मोरीला जाळी, टाकीला जाळी, खिडक्यांना मच्छरांची बारीक जाळी. यशवंतपुरात कांद्याच्या गोदामाला लागून ज्या बाईची शेड आहे, तिला उंदरांचं कौतुक कोण सांगणार? तिच्या व्हॅनच्या वायरी त्यांनी कुरतडल्याच होत्या. शेडमध्ये बाई फायबरच्या वस्तू बनवत: उत्सवाच्या कमानी, टाक्यांची झाकणं, गॅदरिंगचे हत्ती. रसायनशास्त्राची पदवी, साठी जवळ आलेली, आणि बूड म्हणून एका जागी टेकत नसे. यजमान श्रीधरराव बरोबर उलटे. कॉफीचा लोटा हातात आला की भूकंप झाला तरी उठायचे नाहीत.

गेल्या महिन्यात पुण्याहून आलेला आयटीतला शंतनु आपली स्पोर्ट्स कार घेऊन शेडवर आला. ट्रॅकवर गाडी पळवली की ब्रेक इतके तापत, की पेडल मऊ पडे. पुढच्या बंपरमधून थेट चाकाच्या डिस्कवर वारा नेणाऱ्या नळ्या त्याला हव्या होत्या. बाजारातल्या त्याच्या गाडीला बसत नव्हत्या. बाईंनी नळ्यांची तोंडं साच्यावर फायबर चढवून केली, मागे पाइप जोडले, काळाभोर रंग दिला. शनिवारी शंतनु खूश होऊन गाडी घेऊन गेला.

रविवारी सकाळी मल्लेश्वरमच्या घरी बाईंनी भाताला मिरचीची फोडणी दिली आणि ठसक्यानं स्वयंपाकघर भरून गेलं. धूर बाहेर जाईना. खिडकीची जाळी तेलकट धुळीनं पार बुजली होती. बाईंनी तिला बोट लावलं आणि त्यांचा हात तसाच राहिला.

"अहो! त्याच्या नळ्यांनाही मी जाळी लावलीय. हीच, बारीक!"

"मग? उंदीर जाणार नाही."

"वाराही जाणार नाही! ट्रॅकवरचं गवत, टायरचा चुरा, सगळं अडकेल त्यात. ब्रेक गेले म्हणजे?"

शंतनुला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. आज ट्रॅकवर जाणार, असं तो कालच सांगून गेला होता. डोक्यात हेल्मेट, फोन कुठंतरी पिशवीत.

"स्वल्प थांब, ही कॉफी..."

"कॉफी घेऊन चला!"

श्रीधररावांनी व्हॅन काढली. शहराबाहेर पडेपर्यंत बाईंनी प्रत्येक सिग्नलला व्हॅनचं दार उघडलं आणि मिटलं. "उतरून ढकलतेस का?" श्रीधररावांनी विचारलं. बाईंच्या डोळ्यांपुढे एकच होतं: वळण, आणि पाय दाबूनही न थांबणारी गाडी.

ट्रॅकवर पोचल्या तेव्हा शंतनु दुसऱ्या फेरीला निघतच होता. बाई पदर खोचून थेट गाडीपुढे उभ्या राहिल्या. झेंडेवाला ओरडला, "अक्का, बाजूला!"

"सरी, सरी, होते बाजूला. आधी ह्याला उतरव!"

शंतनुनं हेल्मेट काढलं. "काकू? काय झालं?"

"ब्रेक कसे लागतायत?"

"थोडे सॉफ्ट झालेत. म्हटलं, नवीन आहे, सेट होईल."

"सेट होईल म्हणे! अरे, ही जाळी दिसली नाही तुला?"

"मला वाटलं डिझाइन आहे!"

बाई गुडघ्यांवर बसल्या. डावीकडच्या जाळीवर गवत आणि काळा चुरा गच्च बसला होता. पकडीनं त्यांनी दोन्ही जाळ्या उपटल्या. बोटाला ओरखडा आला, तिकडे बघितलंही नाही. तिथल्या मेकॅनिकनं चाकं निवू दिली, ब्रेकचं तेल बदललं. तोवर बाई गाडीभोवती फिरत राहिल्या आणि त्यांना बघून शंतनुही फिरू लागला.

"थँक्स, काकू. आता मी जातो, तुम्ही बसा निवांत."

"निवांत?" बाईंनी शेजारच्या सीटचं दार उघडलं. "मला हेल्मेट दे. वारा पोचतो की नाही, ते मी बघणार. चूक माझी आहे."

हेल्मेट अंबाड्यावर बसेना. बाईंनी पिना काढून श्रीधररावांच्या हातात दिल्या.

पहिल्या वळणाला शंतनुनं बेतानंच ब्रेक दाबला.

"असा नाही," बाई हेल्मेटातून ओरडल्या. "मघाशी दाबत होतास तसा दाब!"