अनारशाची जाळी

आज बायकोनं अनारसा तुपात सोडला, त्याला जाळी पडली आणि मला परळीतलं आमचं जुनं वेल्डिंगचं दुकान आठवलं.

त्या दिवशी ऊसतोडीला निघालेली गाडी दारात उभी होती आणि तिच्या तुटलेल्या दांडीवर मी घातलेल्या जोडाला नुसती भोकं पडत होती. मशीनची तार बदलली, जोडाला हवा लागू न देणारा गॅस वाढवला, तरी तेच. अनारसे घेऊन आलेली बायको म्हणाली, "लई छान जाळी पडली की!" मी खेकसलो. तिनं धुराकडं बघितलं. "वाऱ्यानं गॅस उडतोय तुमचा," म्हणाली आणि मला उकडतं म्हणून तिनंच लावलेला पंखा बंद केला. जोड भरीव बसला.

गाडीवाल्यानं विचारलं, "काय झालतं?"

"तार खराब होती," मी म्हणालो. तिनं गाडीवाल्याच्या हातावर एक अनारसा ठेवला.

आज अनारसा मोडता मोडता मी म्हणालो, "तवा तार चांगली होती."

"ठाव हाय मला," ती म्हणाली. "खावा आता."